मोटारीला भिणारा मेहुणा

कुलाब्याच्या दांडीपासून शिवडीच्या चिखलापर्यंत सगळी मुंबई पालथी घातलीत तरी माझ्या मेहुण्याइतका भिणारा माणूस तुम्हांला दुसरा सापडायचा नाही. तो पालीला भितो, उंबऱ्यात उलट्या पडलेल्या वहाणेला भितो, फौजदाराला भितो, आणि जन्मभर घोडे हाकूनही फौजदाराच्या घोड्याला तर फौजदारापेक्षा जास्त भितो. आणि अशा माणसाच्या नशिबात देवानं काय लिहावं? या शहरात चार-दोन मोटारी आल्या, त्यांतली एक. ती हाकायची, धुवायची, निगा राखायची, आणि वर दुसऱ्यांना शिकवायचीसुद्धा.

माझी बायको त्याची थोरली बहीण. आई लवकर गेली म्हणून तिनंच त्याला कडेवर घेऊन वाढवला. या भावाबहिणीनं मिळून केलेलं शेवटचं रोजच्यासारखं काम म्हणजे मोटारीची गोधडी. मेहुण्याला कामाची सुटी होती. आमच्या लालबागच्या चाळीच्या गॅलरीत दोघं समोरासमोर बसली होती, मध्ये घोड्यांच्या जुन्या झुली आणि बायकोची दोन फाटकी लुगडी. ती टाके घालत होती, तो दोऱ्याला मेण लावून देत होता आणि जीव खात होता.

"गो बाय, टाके बारीक घाल. रातचो वारो आत जाता."

"अरे मेल्या, लोखंडाक खंयची इली थंडी? तुझ्या भावोजीक अंगावर घेऊक धड गोधडी नाय, आणि मोटारीक गोधडी!"

"भावोजीक थंडी वाजली तर ते बोंब मारतीत. ती काय सांगता? मुकी आसा ती."

यावर बायको इतकी हसली की सुई बोटात गेली. तो पांढराफटक पडला. रक्ताचा थेंब बघून त्यानंच डोळे मिटून घेतले आणि मिटल्या डोळ्यांनी तिच्या बोटाला चिंधी बांधली, ती भलत्याच बोटाला. ती गोधडी संध्याकाळपर्यंत पुरी झाली. आजही तो ती रोज दिवेलागणीला मोटारीवर घालतो आणि कडा खाली खोचतो. त्याच आठवड्यात बायकोला ताप भरला. पण ते पुढं सांगतो. आधी माणूस कळायला हवा.

तो गिरगावात एका शेटकडं कोचमन होता. शेटना विलायती वस्तूंचा शौक. एक साहेब मायदेशी परत चालला होता, त्यानं आपली मोटार शेटच्या गळ्यात मारली. एक अख्खा पावसाळा खाल्लेली, रंग उडालेली, बसायच्या गाद्यांतून काथ्या बाहेर आलेला. पुढं घोडा नाही, जोखड नाही, नुसतीच गाडी. दोन बाकं समोरासमोर. हाकणारा मागच्या बाकावर बसतो, बसणारे पुढच्या बाकावर त्याच्याकडं तोंड करून, म्हणजे त्यांना आलेला रस्ता दिसतो आणि त्याला त्यांच्या डोक्यांवरून जायचा रस्ता बघावा लागतो. यंत्र हाकणाऱ्याच्या बाकाखाली, मागच्या अंगाला. साहेबानं जाता जाता अर्धा तास मोडक्या हिंदुस्थानीत समजावलं. मेहुण्याला त्यातलं किती कळलं देव जाणे. तो मला संध्याकाळी म्हणाला, "भावोजी, तो कायपण सांगू दे. हा घोडाच हाय. फक्त सायबानं त्याला पेटीत कोंडलाय."

आणि गंमत बघा, हेच धरून चालल्यामुळं त्यानं ती जुनी मोटार चालती ठेवली. ज्यांनी तिला यंत्र म्हणून हात लावला त्यांची बोटं गेली. आता शेटलोकांना मोटारीची हौस लागली आहे आणि कोचमनांना पोटाची धास्ती. म्हणून गामदेवीपासून दादरपर्यंतचे गाडीवान त्याच्याकडं शिकायला येतात. नवा माणूस आला की तो त्याला एकदम मोटारीला हात लावू देत नाही. पागोटं काढून ठेवायला लावतो, धोतराचा सोगा घट्ट खोचायला लावतो, आणि मोटारीसमोर उभा करून सांगतो, "बोल तिच्याशी."

"काय बोलू?"

"कायपण बोल. आपण आलोय ते तिला कळू दे. न बोलता मागनं गेलास तर मारील."

हे खोटं नाही. मोटार सुरू करायची तर मागं जाऊन एक मोठं लोखंडी चाक हातानं ओढावं लागतं. तिच्या मनात असलं तर ती खोकते आणि सुरू होते. मनात नसलं तर चाक उलटं फिरवून लाथ मारते. मेहुणा सांगतो, "घोड्याला निदान कान असतात. ते मागं पडले की शहाणा माणूस लांब होतो. हिला कानच नाहीत, म्हणून आपणच रोज भ्यायचं." चाकाला मिठी मारायची नाही, अंगठा बोटांच्याच बाजूला ठेवायचा, खालून वर आपल्याकडं ओढायचं, वरून दाबायचं नाही, आणि ओढताना तोंड बाजूला. हे तो प्रत्येकाकडून म्हणून घेतो. गामदेवीचा एक मिशीवाला गाडीवान मात्र म्हणाला, "मी चार घोड्यांची बग्गी हाकलीय, हे काय मला सांगता!" आणि त्यानं चाक मुठीत धरलं. मोटार शिंकली. मिशीवाल्याचं मनगट असं सुजलं की बांगडीवाल्यालाही हात घालता आला नसता. हात मुरगळला त्याचा आणि चक्कर आली माझ्या मेहुण्याला. शुद्धीवर आल्यावर त्यानं आधी मोटारीची माफी मागितली, मग त्या माणसाला हळद लावली.

दुसरी शिकवण तेलाची. "तेल आधी, मालक मागनं," असं तो शेटच्या तोंडावरसुद्धा म्हणतो. मोटारीला जागोजागी पितळेच्या वाट्या आहेत. त्यांतून तेल थेंब थेंब आत झिरपतं. निघण्याआधी एकेका वाटीसमोर बसून थेंब पडतो की नाही ते बघायचं, घाई करायची नाही. हे त्याला कळलं ते दसऱ्याला. घोड्यांची पूजा व्हायची तशी त्यानं मोटारीची पूजा केली. झेंडूची माळ घातली, हळदकुंकू लावलं, आणि नैवेद्य तोंडातच घालायला हवा म्हणून प्रत्येक वाटीत चिमूटभर अक्षता टाकल्या. संध्याकाळी शेट नवा अंगरखा घालून सोनं लुटायला निघाले, सणाचा म्हणून मीही बरोबर होतो. भर रस्त्यात मोटार किंचाळायला लागली. अशी किंचाळी मी गिरणीत तीस वर्षं कापडाच्या साच्यावर काढली तरी ऐकली नव्हती. मेहुण्यानं ती थांबवली, खाली उडी मारली आणि तिच्यासमोर लोटांगण घातलं. देवी अंगात आली अशी त्याची खात्री! लोक जमले, कुणी कापूर मागवला, एक म्हातारी खण आणून मोटारीची ओटी भरायला लागली. शेट वर बसलेले, उतरावं की नमस्कार करावा त्यांना कळेना. मी वाटीत बोट घातलं तर तेलानं फुगलेला तांदळाचा दाणा भोकात अडकलेला. तेव्हापासून तो नव्या माणसाला बजावतो, "पूजा कराच. पण अक्षता चाकापाशी. तोंडात नको. ती तेल खाते, तांदूळ खात नाही."

तिसरी गोष्ट पट्ट्यांची. यंत्राकडून चाकांकडं जोर जातो तो कातड्याच्या पट्ट्यांवरून. हे एवढं एक मात्र त्याला कुणी शिकवावं लागलं नाही, घोड्याच्या सामानात जन्म गेलेला. रोज सकाळी एरंडेल चोळायचं, थोडी राळ लावायची, नखानं दाबून बघायचं. पावसाळ्यात पट्टे सर्दावतात आणि मोटार चढावर नुसती गुरगुरते, पुढं जात नाही. त्यावर उपाय म्हणून हा पट्टे सोडवून स्वतःच्या पोटाला गुंडाळून झोपायचा. अंगाच्या उबेनं कोरडे राहतात म्हणे. राहायचेही. फक्त सगळा पावसाळा त्याच्या जवळ कुणी बसायला तयार नसे.

आगीचं तर विचारूच नका. मोटार ज्यावर चालते त्या तेलाला तो इस्पिरिट म्हणतो, आणि त्याचं नावसुद्धा हळू घेतो. विडी ओढणारा माणूस रस्त्याच्या पलीकडं दिसला तरी हा अलीकडून हात जोडतो. एकदा ठाकूरद्वाराशी लग्नाची वरात आडवी आली. बाजा, पेटते हिलाल, घोड्यावर नवरा. हा बाकावर उभा राहून ओरडायला लागला, "विझवा! दिवे विझवा! सगळे मराल!" गाठीच्या रोगाच्या त्या दिवसांत शहरात 'मराल' म्हटलं की कुणी कशानं असं विचारत नसे. बाजेवाले बाजे टाकून पळाले, घोडा नवऱ्याला घेऊन उधळला. मोटारीला काहीही झालं नाही. मेहुणा मात्र रात्रभर कण्हत होता, म्हणे त्या नवरीचा शाप लागेल.

आणि सगळ्यांत मोठा नियम पाण्याचा. यंत्र तापतं, त्याला थंड ठेवायला पाणी लागतं. ते वाफ होऊन उडतं आणि वरचेवर भरावं लागतं, म्हणून मोटारीला एक पत्र्याचा डबा टांगलेला असतो. पण पाणी संपून यंत्र तापलं असेल तर लगेच ओतायचं नाही. धावून आलेल्या घोड्याला कुणी गार पाणी पाजतं का? पोटात कळ येऊन मरतो. हिचंही तसंच, लोखंड तडकतं. सावलीत उभी करायची, तळहात लावून बघायचा, आणि रामाचं नाव शंभरदा घेईपर्यंत हात ठेवता आला की मगच पाणी. "तापलेल्याला गार पाणी नाय," हे तो इतक्यांदा म्हणतो की तबेल्यातला पोपटही म्हणतो.

माझं काम शेवटचं. गाठीच्या रोगानं गिरण्या ओस पडल्या, माणसं मिळेल त्या बोटीनं कोकणात पळाली, तेव्हा माझा साचाही बंद पडला. आम्हीही गावी निघालो होतो, पण मेहुणा मोटार सोडून येईना आणि बायको त्याला सोडून येईना. "मी गेलंय तर तो भियानच मरात," ती म्हणाली. मग मेहुण्यानं मला कामाला घेतलं. मोटारीच्या ब्रेकवर त्याचा विश्वास नाही. म्हणून जिथं जिथं उतार, तिथं मी हातात लाकडी गुटका घेऊन मागून धावायचं आणि ती ऐकेनाशी झाली तर चाकाखाली घालायचा. या वयात! पुलावरून शेटची मोटार डुलत उतरते आहे आणि मागं एक म्हातारा ओंडका छातीशी धरून धावतो आहे, हे बघायला लोक दुकानातून बाहेर येत. कुणीतरी ओरडे, "आजोबा, पकडा पकडा, पळाली!" मी शिव्या द्यायचो. मेहुणा पुढून सांगायचा, "भावोजी, शिव्या नको. तिला वाटेल तिलाच देताय."

आता रोगाचं. त्या दिवसांत आम्ही सगळेच भीत होतो, खोटं कशाला बोलू. सकाळी उठलं की आधी काखेत हात घालून बघायचं. गल्लीत उंदीर मेलेला दिसला की चाळ रिकामी. पण मेहुण्याच्या भीतीला पार नव्हता. गळ्यात कापराची पुरचुंडी, खिशात कांदा, आणि इस्पिरिटाच्या वासाला रोग भितो असं कुणीतरी सांगितल्यापासून कानामागं अत्तरासारखा त्याचा एकेक थेंब. तपासणीवाले आले की तो तबेल्याच्या माळ्यावर गवतात शिरे. तपासणीवाले म्हणजे गोरे शिपाई, एक डाक्टर, आणि मागं बैल जोडलेली पांढऱ्या तट्ट्याची गाडी. घरात आजारी सापडला की त्या गाडीत घालून सरकारी इस्पितळात. घरच्यांना बरोबर जाऊ देत नसत. त्या गाडीतून गेलेलं माणूस पुन्हा कुणी पाहिलेलं नसे, आणि गेलं ते कसं, कुणाचं नाव घेत, तेही कळत नसे. बायकोला मरणाची भीती नव्हती. तिला त्या गाडीची होती. "माका एकटीक धाडू नको," एवढंच ती म्हणायची, आणि मला म्हणताना 'तुमी' म्हणायचीसुद्धा विसरायची.

गोधडी झाली त्याच आठवड्यात एका पहाटे तिच्या अंगाची लाही झाली होती. काखेत गाठ लागली. आमच्या जातवाल्यांनी गिरगावाच्या अलीकडं तट्ट्यांचं एक इस्पितळ उभं केलं होतं. तिथं घरचं एक माणूस उशाशी बसू देत. पण तिथवर न्यायचं कसं? गाठ आलेल्या माणसाला कुठला गाडीवाला घेणार? आणि तपासणीवाले दुपारी आमच्या चाळीत यायचे होते. मी चालत गिरगावात गेलो. मेहुण्याला सांगितलं. तो खाली बसला. शेट बग्गी घेऊन वाळकेश्वराला गेले होते, घोडे घरी नव्हते. मी म्हणालो, "राहू दे. मी तिला पाठीवर घेतो." तो उठला, मागं गेला आणि मोटारीशी एक अक्षर न बोलता चाक ओढलं.

लालबागेत आम्ही पोचलो तेव्हा दारं बोटभर उघडली आणि मिटली. बायको भिंतीला धरून उभी होती. नवं लुगडं नेसलेली, कुंकू ताजं. मेहुणा तिच्याकडं बघेना. तीच म्हणाली, "असो काय बघतंस? तुझ्या मोटारीत बसूक कधी बोलावलं नाय. आज बसतंय." आम्ही तिला पुढच्या बाकावर बसवलं, मी शेजारी, तिचं डोकं माझ्या खांद्यावर. आणि तिचं तोंड भावाकडं. सगळा रस्ता त्याला तिच्या डोक्यावरून बघायचं होतं. तो रस्ता कमी आणि तिलाच जास्त बघत होता.

भायखळ्याच्या पुलाच्या चढावर वाफ आली. घाईत पाण्याचा डबा भरायचा राहिला होता. जो माणूस जन्मात काही विसरला नाही, तो तेवढंच विसरला. डब्यात तळाशी थोडं पाणी होतं. माथ्यावर मोटार थांबली. मी गुटका चाकाखाली घातला. त्यानं यंत्राला हात लावला आणि चटका बसून मागं घेतला. आता थांबायचं. तो राम राम म्हणायला लागला.

"पाणी दी रे," बायको म्हणाली.

तापलेल्या माणसालाही त्या वेळी गार पाणी देत नसत. वैद्य नाही म्हणत, डाक्टर नाही म्हणत, शेजारीपाजारीही नाही म्हणत. शिवाय तेवढंच पाणी, आणि तेही मोटारीचं. त्यावर आमचं पुढं जाणं होतं. त्यानं डबा काढला. यंत्राकडं बघितलं. मग तिच्याजवळ जाऊन ओंजळीत ओतायला लागला. ती प्याली, तोंड वर केलं, पुन्हा ओंजळ धरली. त्यानं डबा उलटा केला आणि ओला हात तिच्या कपाळावर ठेवला. "बरां वाटला," ती म्हणाली. मी पाणी आणायला पुलाखालच्या नळाकडं बघितलं. नळावरच्या बायकांनी वर आमच्याकडं बघितलं, आणि अर्धे भरलेले हंडे उचलून पळाल्या. एकीनं जाताना आमचा हात लागू नये म्हणून नळाच्या तोंडाला चिंधी बांधली.

तेवढ्यात मागं लालबागच्या अंगाला मला ती दिसली. पांढऱ्या तट्ट्याची गाडी. बैल सावकाश चढत होते, बाजूला शिपाई. मेहुण्यानं माझ्या तोंडाकडं बघून मागं बघितलं.

"भावोजी, गुटका काढा."

"अरे, पुढं उतार आहे! यंत्र बंद आहे!"

"म्हणूनच काढा. आणि वर चढा. आज मागनं धावायचं नाय."

मी गुटका काढला, एक धक्का दिला आणि कसाबसा वर चढलो. मोटार आधी कुरकुरली, मग सुटली. यंत्राचा आवाज नाही, काही नाही, नुसता चाकांचा खडखडाट आणि कानात वारा. एवढ्या जोरात ती मोटार आधी कधी गेली नव्हती, पुढंही कधी गेली नाही. मेहुणा मोटार वळवायचा दांडा दोन्ही हातांनी धरून, जेवढे देव माहीत होते तेवढ्यांना मोठमोठ्यानं हाका मारत होता. कोकणातल्या वेशीवरच्या देवापासून मुंबादेवीपर्यंत. पण ब्रेकला त्यानं पाय लावला नाही. मान फिरवून बघितलं तर समोरून घोड्यांची ट्राम वळत होती. तिचा घोडा माझ्या हाताच्या अंतरावरून गेला, त्याच्या तोंडाचा फेस माझ्या बाहीवर उडाला. मी डोळे मिटले. आणि मला हसू ऐकू आलं. बायको हसत होती. तिचा पदर उडाला होता, केस सुटले होते, ती मागं तोंड करून बसलेली, पूल तिच्यापासून लांब लांब पळत होता आणि त्याच्याबरोबर ती गाडीही. "मेल्या, हळू!" ती म्हणाली. मग म्हणाली, "नको, असूं दी."

उताराच्या जोरावर आम्ही बरंच पुढं गेलो. मग मोटार थकल्यासारखी थांबली. राहिलेला रस्ता आम्ही दोघांनी ढकलत नेला. दर थोड्या अंतरावर थांबायचं, धापा टाकायच्या, पुन्हा खांदा लावायचा. वरून ती म्हणत होती, "बसलंय बघा शेटाणीसारखी. आणि बैल बघा कसले मिळाले!" आवाज बारीक झाला होता. रस्त्यावरचे लोक बाजूला सरकत होते. एरवी ओरडणारे त्या दिवशी कुणी ओरडले नाहीत.

इस्पितळाच्या फाटकाशी रखवालदारानं विचारलं, "घरचं कोण राहणार?" मी म्हणालो, मी. एकालाच सोडत. मेहुणा फाटकाबाहेर राहिला. मी दुपारभर, सांजभर तिच्या उशाशी बसलो. तिनं एकदा विचारलं, "तो भिला काय?" मी म्हणालो, "नाही." ती म्हणाली, "खोटां बोलतास." मग माझा हात धरला तो शेवटपर्यंत सोडला नाही. उजाडायच्या आधी गेली. एकटी गेली नाही. एवढंच मी देवाकडं मागितलं होतं, आणि आता वाटतं, कमी मागितलं.

सकाळी मी बाहेर आलो. कुंपणाला लागून मोटार उभी होती आणि तिच्यापासून चार पावलांवर मेहुणा धुळीत बसला होता. मला एकट्याला बघून त्यानं डोक्यावरचं पागोटं काढून मांडीवर ठेवलं. तेवढ्यात मोटारीचा माग काढत शेटची बग्गी आली. शेट उतरले, रागानं लाल. "कुणाला विचारून नेलीस? रात्रभर माझी मोटार..." असं म्हणत ते सरळ मोटारीकडं निघाले, दांड्याला हात घालायला. मी ठरवलं होतं की काहीतरी खोटं सांगायचं. यंत्र बिघडलं, रस्त्यात अडकलो, काहीही. माझं तोंड उघडायच्या आत मेहुणा उठून मध्ये उभा राहिला, दोन्ही हात पसरून, उधळलेल्या घोड्यासमोर उभं राहतात तसा.

"शेट, लांब व्हा. माझी बहीण बसली होती यात. गाठ होती तिला. गेली ती आता. हात लावू नका."

शेट जागच्या जागी थांबले. रुमाल नाकाला लावला. मोटारीकडं बघितलं, त्याच्याकडं बघितलं, मग माझ्याकडं. बग्गीत चढताना एवढंच म्हणाले, "नीट धुऊन घे. मगच आण."

गाठ येते का ते बघायला आम्हां दोघांना काही दिवस तिथंच छपराखाली ठेवणार होते, तेव्हा वेळ होता. इस्पितळातून औषधाच्या पाण्याची बादली मिळाली, झोंबणाऱ्या वासाची. मेहुण्यानं बाह्या वर केल्या आणि मोटार धुवायला घेतली. चाकं धुतली, चाकांचा एकेक आरा धुतला, दांडा धुतला, आपण बसतो ते बाक उलटंपालटं करून धुतलं. पितळ पुसलं. उन्हं वर आली तरी त्याचं चाललंच होतं. मग पुढच्या बाकापाशी आला आणि थांबला. फडकं पिळलं, पुन्हा बुडवलं, पुन्हा पिळलं.

"भावोजी," तो म्हणाला, "ह्या बाकाला माझा हात होत नाय. एवढं तुमी पुसा."

मी फडकं घेतलं. तो पलीकडं तोंड करून उभा राहिला. बाकावर पुसण्यासारखं काहीच नव्हतं. तरी मी बराच वेळ पुसत राहिलो.